दिवसभर खुशाल, आई आली की रडारड : बाळाचा लळा आणि मानसशास्त्र

उंबरठा

माझी मुलगी आता दहा महिन्यांची आहे. प्रसूती रजा संपल्यावर मी कामावर रुजू झाले. तेव्हापासून दिवसभर ती सासूबाई आणि सांभाळणाऱ्या मावशी यांच्याजवळ असते. सकाळी मी निघते तेव्हा ती मावशींच्या कडेवरून हात हलवते आणि क्वचितच रडते. दिवसभर नीट जेवते, झोपते, खेळते. संध्याकाळी मी दारात पाऊल टाकले की मात्र चेहरा वाकडा होतो, भोकाड पसरले जाते, आणि खांद्यावरची पर्स खाली ठेवण्याइतकीही उसंत मिळत नाही. एकदा कडेवर घेतले की पाच मिनिटांत ती शांत होते आणि पुन्हा आपल्या डब्या-झाकणांकडे रांगत जाते.

यावर घरात दोन निदाने झाली आहेत. एका बाजूचे म्हणणे असे, की मूल आजीजवळ सुखी आहे आणि आई आली की रडते, म्हणजे आईची ओढ राहिलेली नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, की मी तिला उचलून उचलून लाडावले आहे. मला धीर देणारे प्रतिसाद नकोत, ते व्हॉट्सअॅपवर भरपूर मिळाले आहेत. तान्ह्या मुलाचा जीव एखाद्या व्यक्तीवर कसा जडतो, याविषयी मानसशास्त्रात प्रत्यक्ष काय अभ्यास झाला आहे, हे कोणी सविस्तर सांगू शकेल का?

चौकस

उंबरठाताई, तुम्ही जे वर्णन केले आहे त्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग शेवटच्या वाक्यात आहे, म्हणजे पाच मिनिटांत शांत होऊन ती पुन्हा खेळाकडे वळते हा. तो का महत्त्वाचा, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मनोविश्लेषक फ्रॉईडचे अनुयायी आणि केवळ दिसणाऱ्या वर्तनाचा अभ्यास करणारे वर्तनवादी, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे, एका गोष्टीवर सहमत होते : बाळाला आई हवीशी वाटते, कारण ती दूध देते. इंग्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांना हे पटत नव्हते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये काम करताना त्यांनी आईबापांपासून तुटलेली अनेक मुले पाहिली होती, आणि पोटभर अन्न मिळूनही ती खुरटत असल्याचे त्यांच्या लक्षात आले होते. १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी अहवाल लिहिला आणि १९५८ मध्ये आपला सिद्धान्त मांडला. रडणे, हसणे, बिलगणे, मागे मागे येणे ही बाळाची वर्तने मोठ्या माणसाला जवळ आणण्यासाठी आणि जवळ ठेवण्यासाठी उत्क्रांतीत घडलेली आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. बाळाला भूक जशी जन्मजात आहे, तशीच ही ओढही स्वतंत्रपणे जन्मजात आहे.

त्याच वर्षी अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातील हॅरी हार्लो यांनी ऱ्हीसस माकडांच्या पिल्लांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पिंजऱ्यात दोन कृत्रिम ‘आया’ होत्या, एक उघड्या तारेची आणि एक मऊ कापडाने मढवलेली. दुधाची बाटली तारेच्या आईला लावलेली असली तरी पिल्ले दूध पिण्यापुरती तिच्याकडे जात आणि उरलेला वेळ कापडाच्या आईला बिलगून काढत. भीती दाखवली की धाव कापडाकडेच. प्रयोग अतिशय क्रूर होते, आणि आज त्यांना परवानगी मिळणार नाही हे योग्यच आहे. परंतु ‘दूध देईल ती आई’ हे गणित त्यांनी कायमचे मोडले.

बोल्बींनी ही जडणघडण टप्प्यांत मांडली. पहिले दोन-तीन महिने बाळ आईचा आवाज आणि वास ओळखते, पण सांत्वन कोणाकडूनही स्वीकारते. त्यानंतर ओळखीच्या माणसांना वेगळे, मोकळे हसू मिळू लागते. साधारण सहा-सात महिन्यांपासून ठरावीक माणसांची ओढ स्पष्ट होते : ती दूर गेली की अस्वस्थता, परक्याची भीती, आणि रांगता येऊ लागल्यामुळे त्यांच्या मागे जाणे. विरहाचे रडणे बहुधा सव्वा ते दीड वर्षाच्या आसपास सर्वाधिक असते. (आपल्या कायद्याने २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते, म्हणजे ही ओढ घट्ट होऊ लागते नेमक्या त्याच सुमारास बहुसंख्य आया कामावर परततात. हा योगायोग कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आला होता की नाही, कोण जाणे.)

आता तुमच्या संध्याकाळकडे येतो. बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी १९५४ च्या सुमारास युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांत घरोघरी जाऊन आया आणि बाळे यांचे निरीक्षण केले. रांगणारे बाळ आईपासून दूर जाते, मध्येच वळून पाहते, तिच्यापाशी येऊन जाते आणि पुन्हा निघते, हे त्यांनी बारकाईने नोंदवले. पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे २६ कुटुंबांना त्यांनी वर्षभर दर काही आठवड्यांनी भेटी दिल्या. प्रत्येक भेट सुमारे चार तासांची असे. वर्ष पूर्ण होताना बाळांना प्रयोगशाळेतील एका अनोळखी खोलीत आणले गेले. खोलीत खेळणी, आई आणि एक परकी स्त्री. ठरलेल्या क्रमाने आई दोनदा बाहेर जाते आणि दोनदा परत येते, प्रत्येक टप्पा जेमतेम तीन मिनिटांचा.

आई गेल्यावर बाळ किती रडते, यावरून अनुबंधाची (इंग्रजीत ‘अटॅचमेंट’, म्हणजे बाळाच्या या जडलेल्या ओढीची) पारख होईल असे कोणालाही वाटेल. एन्सवर्थ यांचे लक्ष मात्र आई परत येण्याच्या क्षणाकडे होते. काही बाळे खूप रडली, काही मुळीच रडली नाहीत, पण आई परतल्यावर ती तिच्याकडे गेली, तिच्याकडून शांत झाली आणि पुन्हा खेळू लागली. यांचा अनुबंध सुरक्षित मानला गेला. काही बाळांनी परतलेल्या आईकडे पाहणेच टाळले. काही तिला बिलगली आणि त्याच वेळी तिला लाथाही झाडत राहिली, त्यांचे समाधान होईना. पुढे मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी चौथा गट वेगळा काढला : आईकडे जाता जाता थिजून जाणारी, दिशाहीन वागणारी बाळे.

न रडणाऱ्या, तोंड फिरवणाऱ्या बाळांकडे पाहून ‘किती समजूतदार’ असे कोणीही म्हणेल. पण स्रूफ आणि वॉटर्स यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले, की वरून निर्विकार दिसणाऱ्या या बाळांच्या हृदयाचे ठोके वाढलेले असतात.

तुमची मुलगी दिवसभराचा ताण तुमच्यापाशी मोकळा करते आणि लगेच डब्या-झाकणांकडे वळते. हे ओढ नसण्याचे लक्षण नव्हे. एका वर्णनावरून कोणी निदान करू नये हे खरे, पण घरात झालेल्या दोन निदानांना तरी यातून आधार मिळत नाही.

जुना_कंदील

चौकस यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, तरीही दोन शंका मांडतो.

पहिली अशी, की हे सारे चार भिंतींत एकटी आई आणि एकटे बाळ असलेल्या समाजाचे शास्त्र आहे. ज्यांना स्वतःला दाईने वाढवले आणि पुढे वसतिगृहाच्या शाळेत पाठवले, त्या बोल्बींना एकच आई हा ध्यास वाटणे स्वाभाविक होते. आमच्या वाड्यात मूल आजीच्या मांडीवरून काकूच्या कडेवर आणि तिथून थोरल्या बहिणीच्या कमरेवर जात असे. आई शेतातून किंवा चुलीपासून मोकळी झाली की अंगावर पाजण्यापुरती त्याला घेई. अशा मुलाला परक्या खोलीत तीन मिनिटे बसवून काय कळणार?

दुसरी शंका रडण्याविषयी. दर वेळी उचलल्याने मूल उचलून घ्यायला सोकावते, हा अनेक पिढ्यांचा अनुभव आहे. तो केवळ अडाणीपणा म्हणून सोडून द्यावा, असे मला वाटत नाही.

सूतिकाघर

मी निवृत्त परिचारिका आहे. बालरुग्ण विभाग आणि नवजात शिशू कक्ष, दोन्हीकडे काम केले. रडण्याविषयी कंदीलकाकांना उत्तर देण्याआधी रुग्णालयाबद्दल लिहिते, कारण हा सिद्धान्त पुस्तकाबाहेर पहिल्यांदा पडला तो तिथेच.

१९५२ मध्ये बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनमधील रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे अडीच वर्षांच्या एका मुलीचे चित्रीकरण केले. बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी ती आठ दिवस तिथे होती. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आईवडिलांना जवळ राहू देत नसत. आधी निषेध, मग खिन्नता आणि शेवटी अलिप्तता, या क्रमाने अशी मुले बदलत जातात, असे रॉबर्टसन यांचे प्रतिपादन होते. डॉक्टर मंडळी चित्रपट पाहून संतापली. परंतु १९५९ मध्ये ब्रिटनमधील प्लॅट अहवालाने मुलांच्या विभागात पालकांना मुक्त प्रवेश द्यावा अशी शिफारस केली, त्यामागे या कामाचा मोठा वाटा होता.

तिसरी अवस्था सर्वांत फसवी. मी जिथे शिकाऊ होते तिथे तीन दिवस आक्रोश करून चौथ्या दिवशी गप्प झालेल्या मुलाला ‘आता शहाणे झाले, रुळले’ असे म्हणण्याची पद्धत होती. ते मूल औषध मुकाट घेई, सुई टोचताना हात पुढे करी, आणि भेटीच्या वेळी आई आली की तिच्या पिशवीतील बिस्किटाकडे पाही, तिच्या चेहऱ्याकडे नाही. चौकस यांनी परतीच्या क्षणाबद्दल लिहिले तेव्हा मला हीच मुले आठवली.

आता रडणे. बेल आणि एन्सवर्थ यांनी १९७२ मध्ये बाल्टिमोरच्या निरीक्षणांवरून असा निष्कर्ष काढला, की पहिल्या महिन्यांत ज्या बाळांच्या रडण्याला तत्परतेने प्रतिसाद मिळाला ती वर्षाअखेरीस कमी रडत. यावर वर्तनवाद्यांनी कडक टीका केली. पुढे नेदरलँड्समध्ये झालेल्या अभ्यासातही हा निष्कर्ष तसाच मिळाला नाही. किरकोळ कुरकुरीला क्षणभर थांबून प्रतिसाद दिला तर बाळ कधी कधी स्वतःच सावरते. म्हणून कंदीलकाकांच्या अनुभवाला मी पूर्ण खोटे म्हणणार नाही. मात्र कुरकुर आणि आकांत यांत फरक आहे. तीन महिन्यांचे बाळ कांगावा करून मोठ्यांना वाकवते हे मला अजिबात मान्य नाही, कारण तेवढा बेत आखण्याची क्षमताच त्या मेंदूत अजून आलेली नसते.

आणखी एक गोष्ट, कारण प्रसूतीनंतर अनेक मुली ही भीती घेऊन येतात. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत बाळ छातीशी लागले नाही तर पुढे बंध जुळत नाही, हा समज १९७० च्या दशकातील क्लाउस आणि केनेल यांच्या कामातून पसरला. पुढील संशोधनात असा निर्णायक काळ सिद्ध झाला नाही. त्वचेला त्वचा लावून बाळ ठेवण्याचे फायदे आहेतच. कमी वजनाच्या बाळांसाठी कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ च्या सुमारास सुरू झालेली कांगारू पद्धत आपल्या सरकारी रुग्णालयांतही वापरली जाते आणि तिने जीव वाचतात. परंतु सिझेरियन झाले किंवा बाळ काचेच्या पेटीत ठेवावे लागले, म्हणून माया हुकली असे समजू नये. ज्या ओढीविषयी इथे चर्चा चालू आहे, ती घडायला पुढचे अनेक महिने असतात.

बर्फाळ_वाट

कंदीलकाकांच्या पहिल्या शंकेत तथ्य आहे, आणि संशोधकांनाही ती पडली. मी सध्या जर्मनीत राहतो, त्यामुळे इथले उदाहरण देतो.

क्लाउस आणि कारिन ग्रॉसमन या दांपत्याने बीलेफेल्ड येथे एन्सवर्थ यांचा अनोळखी खोलीचा प्रयोग केला, तेव्हा जवळजवळ निम्मी बाळे ‘टाळणारी’ निघाली. जपानमधील साप्पोरो येथे उलट झाले : टाळणारी बाळे आढळलीच नाहीत, पण समाधान न होणारी पुष्कळ आढळली. उत्तर जर्मनीत त्या काळी मुलाने लवकर स्वावलंबी व्हावे, आईच्या पदराला धरून राहू नये, अशी अपेक्षा होती. जपानी बाळ आईपासून क्वचितच वेगळे होई, त्यामुळे तीन मिनिटांचा एकटेपणा त्याच्यासाठी फारच मोठा धक्का होता. दोन्हीकडच्या आया वाईट होत्या, असा अर्थ काढणे मूर्खपणाचे ठरेल. १९८८ मध्ये व्हॅन आयझेनडोर्न आणि क्रोनेनबर्ग यांनी आठ देशांतील ३२ अभ्यास एकत्र तपासले. तेव्हा देशादेशांतील फरकापेक्षा एकाच देशातील वेगवेगळ्या अभ्यासांमधील फरक सुमारे दीडपट मोठा आढळला. सुरक्षित अनुबंध असलेली बाळे बहुतेक ठिकाणी बहुसंख्येने होती.

मानसशास्त्रज्ञ हायडी केलर यांची टीका याहून मूलगामी आहे. कॅमेरूनमधील एन्सो समाजात मूल अनेकांच्या हातांत वाढते, आणि बाळाने परक्यापाशी शांत राहावे हेच चांगल्या संगोपनाचे लक्षण मानले जाते. तिथे परक्याची भीती हा विकासाचा आवश्यक टप्पा कसा म्हणायचा, असा त्यांचा प्रश्न आहे. मला वाटते, ओढ सर्वत्र जडते, पण ती दिसते कशी हे घरोघरी शिकवले जाते.

तरीही सिद्धान्ताचा व्यावहारिक उपयोग मी डोळ्यांनी पाहिला. इथल्या पाळणाघरांत मूल रुळवण्यासाठी ‘बर्लिन प्रारूप’ नावाची पद्धत सर्रास वापरतात, आणि ती याच सिद्धान्तावर उभी आहे. पहिले तीन दिवस आईने किंवा वडिलांनी मुलाबरोबर तासभर खोलीत बसायचे. वियोग अजिबात नाही. मी कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसलो होतो. मोबाइल पाहायचा नाही, मुलाला खेळायला ढकलायचे नाही, ते आले तर जवळ घ्यायचे, एवढीच सूचना. चौथ्या दिवशी निरोप घेऊन पहिल्यांदा बाहेर जायचे, फार तर अर्धा तास. मूल रडले आणि ताईंकडून शांत झाले तर पुढे जायचे, नाही झाले तर पालकांनी लगेच परत यायचे आणि रुळवणूक लांबवायची. गुपचूप पळून जाणे सक्त मना. ‘बघ बघ, चिमणी’ म्हणून मागच्या दाराने सटकण्याची आपली रीत त्या ताईंना सांगितली, तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

जुना_कंदील

चिमणीचा दाखला मान्य. पण मग अनेकांच्या हातांत वाढणाऱ्या मुलाचे नेमके काय होते, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

उंबरठा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कंदीलकाकांच्या प्रश्नाला जोडून माझाही एक आहे, आणि तो आता तातडीचा झाला आहे. आमच्या मावशी दिवाळीनंतर गावी परत जाणार आहेत. मुलीला त्यांचा फार लळा आहे. नव्या बाई आल्या की पुन्हा सारे पहिल्यापासून का? की आजी घरात आहे म्हणून फारसा फरक पडणार नाही?

चौकस

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी देतो.

अनेक हात असणे आणि सतत हात बदलणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोल्बींनी सुरुवातीला एका मुख्य व्यक्तीवर फार भर दिला, आणि त्यांच्या सिद्धान्ताचा हा भाग सर्वांत लवकर ढासळला असे माझे मत आहे. ग्लासगो येथे शॅफर आणि इमर्सन यांनी ६० बाळांचा पाठपुरावा केला, तो १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड वर्षापर्यंत बहुतेक बाळांचा जीव एकाहून अधिक माणसांवर जडलेला होता : वडील, आजी, भावंडे, शेजारी. बाळाची सर्वाधिक ओढ ज्या व्यक्तीकडे होती ती दर वेळी त्याचे खाणे-धुणे करणारी होतीच असे नाही. बाळाच्या हाकेला ओ देणारी, त्याच्याशी खेळणारी माणसे त्यात अधिक होती. म्हणजे तासांचा हिशेब इथे फारसा लागत नाही.

भारतातील उदाहरण हवे असेल, तर सुझन सीमोर यांनी १९६० च्या दशकापासून भुवनेश्वर येथील कुटुंबांचा दीर्घकाळ अभ्यास केला. तिथेही मूल अनेकांच्या हातांत वाढत होते आणि तीच संगोपनाची सर्वसाधारण रीत होती. ती माणसे ठरलेली होती आणि दुसऱ्या दिवशीही तीच असत, हे महत्त्वाचे. कंदीलकाकांच्या वाड्यातले मूल याच प्रकारचे.

याच्या उलट टोकाला रुमानियातील अनाथालये आहेत. १९८९ मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळल्यावर ती जगासमोर आली. पाळीपाळीने बदलणाऱ्या मोजक्या कर्मचाऱ्यांवर मुलांचे थवे सोपवलेले होते. बुखारेस्टमध्ये नेल्सन, फॉक्स आणि झीना यांनी १३६ मुलांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्यांना, सांभाळ करायला तयार झालेल्या दुसऱ्या कुटुंबांत ठेवण्यात आले. जी मुले साधारण दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली, त्यांच्यात सुरक्षित अनुबंध जुळण्याचे प्रमाण अधिक होते. म्हणजे उशिरा का होईना, नवी ओढ जडते. दत्तक घेणाऱ्या आईवडिलांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

मधले उदाहरण इस्रायलच्या किबुत्झांचे, म्हणजे तिथल्या सामूहिक वसाहतींचे. तिथे दिवसा मुलांकडे नेहमीच्या सांभाळणाऱ्या स्त्रिया असत, पण काही किबुत्झांत मुले रात्रीही बालगृहातच झोपत आणि रात्रीची राखणदार बाई ओळखीची नसे. सागी आणि सहकाऱ्यांना १९९४ च्या अभ्यासात अशा बाळांपैकी ४८ टक्क्यांचा आईशी अनुबंध सुरक्षित आढळला, तर रात्री घरी झोपणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के होते. दिवसाची व्यवस्था दोन्हीकडे सारखीच होती. फरक रात्रीचा, म्हणजे बाळ दचकून उठले की कोण येते याचा होता.

तुमच्या नोकरीविषयीचे अपराधीपण प्रश्नात डोकावते, म्हणून हेही लिहितो. अमेरिकेत १९९१ पासून दहा ठिकाणच्या १,३०० हून अधिक कुटुंबांचा अभ्यास झाला. मूल इतरांकडे राहते एवढ्याने आईशी असलेल्या अनुबंधावर परिणाम दिसला नाही. धोका तिथे दिसला, जिथे घरातही बाळाच्या खुणा ओळखल्या जात नव्हत्या आणि बाहेरची देखभालही निकृष्ट, दीर्घ किंवा वारंवार बदलणारी होती.

तेव्हा मावशींचे जाणे ही मुलीसाठी खरी हानी आहे, ती लहान समजू नये. पण तुम्ही, आजी आणि (त्यांचा उल्लेख धाग्यात अजून आलाच नाही) मुलीचे बाबा असताना सारे पहिल्यापासून सुरू होणार नाही.

रानजाई

इन्स्टाग्रामवर सध्या प्रत्येक जण आपली ‘अटॅचमेंट स्टाइल’ जाहीर करतो, आणि लग्न मोडले तर खापर आईच्या माथी फोडले जाते. एक वर्षाच्या वयातील वर्गीकरण आयुष्यभर टिकते, याला कितपत आधार आहे?

चौकस

थोडाच आहे. मिनेसोटा येथे १९७० च्या दशकापासून गरीब आयांच्या मुलांचा प्रौढ वयापर्यंत पाठपुरावा झाला. बालपणीच्या अनुबंधाचा पुढील मैत्री आणि नातेसंबंधांशी काही प्रमाणात संबंध दिसला, पण घरची परिस्थिती पालटली की वर्गीकरणही पालटत असे. आईची संवेदनशीलता आणि अनुबंधाची सुरक्षितता यांच्यातील संबंधही, अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर, मध्यम स्वरूपाचाच निघतो. शिवाय ही संवेदनशीलता शिकता येते. नेदरलँड्समध्ये व्हॅन डेन बूम यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गरीब घरांतील चिडचिड्या बाळांच्या आयांना घरी जाऊन अवघ्या तीन सत्रांत बाळाच्या खुणा ओळखायला शिकवले. वर्षाच्या वयात त्या गटातील सुरक्षित बाळांचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या दुपटीहून अधिक होते. वधूवर सूचक मंडळाच्या अर्जात हा रकाना येईपर्यंत रीलकडे दुर्लक्ष करायला हरकत नाही.

उंबरठा

बाबांचा उल्लेख राहिला हे खरे. रात्री ती उठते तेव्हा निम्म्या वेळा तेच उठतात, आणि त्यांच्या खांद्यावर ती माझ्यापेक्षा लवकर झोपते. नव्या बाई ठरल्या आहेत. मावशी जाण्यापूर्वी दोघींना काही दिवस एकत्र बोलवावे असा विचार आहे. त्या दिवसांत मुलीचे काय काय नव्या बाईंच्या हाती द्यावे?

सूतिकाघर

सुरुवातीला काहीच देऊ नका. मावशी भरवत असताना नव्या बाईंना शेजारी नुसते बसू द्या. मुलगी त्यांच्याकडे पाहील, मग मावशींच्या चेहऱ्याकडे पाहील. मावशी त्यांच्याशी हसून बोलत आहेत हे तिला दिसले पाहिजे. आधी खेळ, मग खाणे, त्यानंतर आंघोळ, आणि झोपवणे सर्वांत शेवटी, कारण झोपेच्या वेळी मूल परक्या हाताला सर्वाधिक विरोध करते. मावशी ज्या दुपट्यात गुंडाळून झोपवतात ते तेवढे दिवस धुऊ नका आणि नव्या बाईंनाही तेच वापरू द्या. मावशींनी शेवटच्या दिवशी निरोप घेऊनच निघावे, दोघी रडल्या तरी चालेल. पुढे त्यांना गावाहून व्हिडिओ कॉल करायला सांगा. पहिल्या एक-दोन कॉलना मुलगी बहुधा तोंड फिरवेल. त्याचा अर्थ काय, ते चौकस यांनी वर लिहिले आहेच, आणि मावशींनाही ते आधीच सांगून ठेवा.